दादरा-नगर हवेली : सात वर्षांचा देश, की नुसतीच पंचायत?

आडवाट

बाबांच्या तिकिटांच्या वह्या परवा माळ्यावरून उतरवल्या. कसर लागली होती, म्हणून उन्हात टाकत होतो. पानं उलटताना एका तिकिटावर नजर अडकली. तिकीट पोर्तुगीज हिंदुस्थानचं, पण त्याच्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत नंतर छापलेलं : 'लिबरेटेड एरियाज'. खाली बाबांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, 'दादरा-न. हवेली. हा देश आता नाही.'

देश? मी सिल्वासाला चार-पाच वेळा गेलोय. वापीला उतरायचं, रिक्षा करायची, मध्ये दादरा लागतं, मग पुन्हा गुजरात, मग सिल्वासा. देश वगैरे कधी डोक्यात आलं नव्हतं. पण बाबा शब्द जपून वापरणारे, त्यामुळे वाचत बसलो. जे हाती लागलं ते थोडक्यात लिहितो. चुकलो तर सांगा.

दादरा आणि नगर हवेली हे दोन तुकडे दमणच्या पोर्तुगीज जिल्ह्यात मोडायचे, पण समुद्रापासून आत, चारही बाजूंनी भारत. सगळं मिळून ७२ गावं, ४९१ चौरस किलोमीटर. दमणहून तिथे जायचं तर भारतातून जावं लागे. १९५४ च्या पावसाळ्यात हे तीन घासांत गेलं. २१-२२ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या माणसांनी दादऱ्याचं पोलीस ठाणं घेतलं. महिनाअखेरीस नारोळी पडलं. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक सिल्वासात शिरले. तिथला पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आधीच आपले पोलीस घेऊन खानवेलच्या बाजूला निघून गेला होता. ११ ऑगस्टला तो उधव्याला शरण आला.

इथपर्यंत शाळेतल्या गोष्टीसारखं आहे. पुढचं मला ठाऊक नव्हतं. हा भाग भारतात आला तो ११ ऑगस्ट १९६१ ला. म्हणजे फिदाल्गो शरण आला त्या दिवसापासून बरोब्बर सात वर्षांनी! मधली सात वर्षं तिथे वरिष्ठ पंचायत नावाची सभा आणि तिच्या वतीने कारभार बघणारा प्रशासक. पहिले प्रशासक गोव्याचे आप्पासाहेब करमळकर. कोर्टं त्यांची, मुद्रांक त्यांचे, आणि टपालाचं हे तिकीटही त्यांचं. नवं छापायला वेळ कुठला, म्हणून पोर्तुगीजांचा उरलेला साठा घेतला आणि वर आपले दोन शब्द उमटवले.

भारताने त्यांना लगेच पोटात का घेतलं नाही? आणि या सात वर्षांना म्हणायचं काय? जाणकारांनी उजेड पाडावा.

खमंग_शेव

भारी धागा. वाखू (वाचनखूण) साठवली. तिकिटाचा फोटो टाका की राव.

आडवाट

@खमंग_शेव, फोटो चढत नाहीये, संध्याकाळी पुन्हा बघतो.

वरातीमागून

लेख चांगला, पण 'देश' हा शब्द मला पटत नाही. जगातल्या एकाही सरकारने मान्यता दिली नव्हती. भारताने सुद्धा नाही. आपल्याकडे सातारा-सांगलीच्या पट्ट्यात प्रतिसरकार होतं, न्यायदान होतं, गावोगावी त्याचा दरारा होता. म्हणून आपण त्याला देश म्हणतो का? तिकिटावर ठसा मारला की राष्ट्र होत नाही. उद्या आमच्या सोसायटीने पावतीवर शिक्का मारला तर?

कागदकीडा

वरातीमागून, सोसायटीचा शिक्का मारून बघाच. पण प्रतिसरकारच्या डोक्यावर ब्रिटिश सरकार होतंच, आणि त्यांचे पोलीस मागावर होते. इथे डोक्यावर कोणीच नव्हतं. पोर्तुगालला आत येता येईना आणि भारत आत यायला तयार नाही. फरक मोठा आहे.

या प्रकरणाचं मूळ मराठी कागदात आहे, आणि तोच कागद पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तो धागा पकडला नाही तर ही गोष्ट अर्धी राहील, म्हणून जरा लांबण लावतो.

१७७२ मध्ये मराठी आरमाराने पोर्तुगीजांचं 'सांताना' नावाचं जहाज पकडलं. त्याची भरपाई हा विषय बरीच वर्षं भिजत पडला. शेवटी १७ डिसेंबर १७७९ च्या पुण्याच्या तहात ठरलं की दमणच्या आसपासची वर्षाला १२ हजार रुपये उत्पन्नाची गावं पोर्तुगीजांना लावून द्यायची. साल बघा. त्याच वर्षीच्या जानेवारीत वडगावला इंग्रजांची खोड मोडली होती आणि लढाई अजून चालूच होती. अशा वेळी पोर्तुगीज इंग्रजांच्या कच्छपी लागू नयेत ही नाना फडणविसांची गरज. बारा हजारांत तो शेजारी गप्प बसत असेल तर सौदा स्वस्तच. मग १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे गेलं.

आता मेख. दिलं म्हणजे काय दिलं? पोर्तुगालचं म्हणणं, आम्हाला मुलूख दिला, सार्वभौमत्वासकट. भारताचं म्हणणं, तुम्हाला सरंजाम दिला. आपल्याकडे ज्याने पेशवाईचे चार कागद वाचलेत त्याला हे सांगायला नको. सरंजाम म्हणजे गावचा वसूल खा, चाकरी कर किंवा भरपाई समज, पण धनी आम्हीच, आणि मनात आलं तर परत घेऊ. वतन वेगळं, इनाम वेगळं, सरंजाम वेगळा. दुसऱ्या तहांत जिथे कायमचं आणि धनीपणासकट द्यायचं असे, तिथे तसे शब्द घातलेले असत. या तहात ते नाहीत. न्यायालयाने हे मान्य केलं : मराठ्यांनी दिला तो महसूल, सार्वभौमत्व नव्हे. पोर्तुगीजांच्याच काही जुन्या कागदांत ते स्वतःला सरंजामदार समजत असल्याच्या खुणा सापडल्या. त्याला काय करणार!

पुण्यात बसलेल्या कुणा कारकुनाने बोरूने लिहिलेला एक शब्द पावणेदोनशे वर्षांनी हॉलंडमध्ये पंधरा न्यायाधीश फोडून फोडून बघतायत, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

खमंग_शेव

हे म्हणजे कहर आहे. मग केस तिथेच संपायला हवी होती ना? सरंजाम तर सरंजाम.

कागदकीडा

नाही संपली. १८१८ ला पेशवाई बुडाली आणि मराठ्यांच्या जागी इंग्रज आले. त्यांना हा सरंजाम परत घेता आला असता, पण त्यांनी पोर्तुगीजांना तिथले राजे म्हणूनच वागवलं. खटलेच भरायचे नव्हते त्यांना. न्यायालय म्हणालं, सार्वभौमत्व पुण्याने दिलं नाही हे खरं, पण इंग्रजांनी वागणुकीतून ते मान्य केलं आणि भारत त्यांचा वारस. पेशव्यांनी न दिलेलं इंग्रजांनी न लिहिता दिलं.

काळा_कोट

इथे माझा प्रांत येतोय, म्हणून लिहितो. खटल्याचं नावच 'भारतीय प्रदेशातून वाट वापरण्याचा हक्क' असं होतं. लोक समजतात की पोर्तुगालने दादरा परत मागितला. तसं नाही. त्यांनी मागितली वाट. वाट मिळाली की फौज जाईल, फौज गेली की दादरा आपोआप.

तारखा बघा, मजा आहे. पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आला १४ डिसेंबर १९५५ ला. १९ डिसेंबरला न्यायालयाचा सक्तीचा अधिकार स्वीकारला. २२ डिसेंबरला भारतावर दावा ठोकला! आठ दिवसांत सभासद आणि वादी. भारताने हरकत घेतली की, अहो, यांनी अधिकार स्वीकारल्याची सूचनाही आमच्या हाती पडलेली नाही आणि आम्ही प्रतिवादी झालो. तशा सहा हरकती होत्या. १९५७ मध्ये चार फेटाळल्या गेल्या आणि दोन अंतिम सुनावणीवर ढकलल्या. भारताच्या वतीने ॲटर्नी जनरल मो. चि. सेटलवाड उभे राहिले. खास न्यायाधीश म्हणून भारताने पाठवले ते मुंबई हायकोर्टाचे छगला.

निकाल १२ एप्रिल १९६० चा. तीन तुकडे :

खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना १९५४ मध्ये जाण्यायेण्याचा हक्क होता, भारताच्या नियमांच्या अधीन राहून. ११ विरुद्ध ४.

सशस्त्र फौज, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांना तसा हक्क नव्हता. ८ विरुद्ध ७. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर?

भारताने वाट अडवली त्यात कर्तव्यभंग झाला का? नाही. ९ विरुद्ध ६. दादरा पडल्यावर आसपासच्या मुलखात वातावरण तापलेलं होतं, तेव्हा वाट बंद करणं भारताच्या अखत्यारीत होतं, असं न्यायालयाचं म्हणणं.

आता आडवाट यांचा मूळ प्रश्न, भारताने त्यांना लगेच का घेतलं नाही. माझ्या मते उत्तर याच खटल्यात आहे. 'आम्ही काही केलं नाही, तिथल्या लोकांनीच केलं' हा भारताचा पवित्रा. १९५५ साली दादरा खिशात घातला असता तर हेगमध्ये कुठल्या तोंडाने उभे राहणार? भारत निरपराध दिसायचा असेल तर दादरा भारताबाहेर असणं भाग होतं. वरिष्ठ पंचायतीचं राज्य टिकलं ते भारताला त्याची गरज होती म्हणून.

वरातीमागून

काळा_कोट, म्हणजे माझंच म्हणणं झालं की. दिल्लीच्या सोयीसाठी उभा केलेला पडदा. देश कसला?

काळा_कोट

पडदा होता हे मान्य. पण पडद्यामागे सात वर्षं माणसं राहत होती. जमिनीचे तंटे सुटत होते, मुद्रांक विकले जात होते. त्या कागदावरचा अंमल कोणाचा? पोर्तुगालचा नाही, भारताचा नाही. उरलं कोण ते तुम्ही सांगा.

सह्याद्रीचा_वारा

या सगळ्या कायद्याच्या कीसात ज्यांनी जीव धोक्यात घातला ते बाजूला पडतायत. सुधीर फडके स्वतः या मोहिमेत होते. बाबासाहेब पुरंदरे, राजा वाकणकर होते. पैसा उभा करायला पुण्यात हिराबागेत लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. आज कुठला गायक संगीतकार हे करेल? संघाने केलेलं काम म्हणून इतिहासात दाबलं गेलं.

लाल_माती

दाबलं कोणी? तुमच्या प्रतिसादातच बघा, दादरा आधी कोणी घेतलं याचा उल्लेख नाही. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, फ्रान्सिस मस्कारेन्यस, वामन देसाई. सिल्वासाच्या मोहिमेत आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे आणि प्रभाकर सिनारी. आणि तलासरीच्या बाजूने कम्युनिस्ट. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी १९४५ पासून तिथल्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं होतं. सीमेच्या अलीकडचे वारली आणि पलीकडचे वारली एकमेकांचे सोयरे. सीमा फिरंग्यांची, त्यांची नव्हे.

सह्याद्रीचा_वारा

कम्युनिस्टांना सिल्वासात पोचू द्यायचं नाही म्हणून तर घाई झाली. हे पण लिहा.

लाल_माती

म्हणजे कम्युनिस्ट तिथे होते हे कबूल? धन्यवाद. विषय संपला.

चावडीवरचा (संपादक)

दोघांनाही विनंती, श्रेयाची वाटणी वेगळा धागा काढून करा. तिथे हवे तेवढे फटाके फोडा. इथे विषयावर राहू. पुढच्या वेळी प्रतिसाद उडवला जाईल.

आडवाट

धन्यवाद संपादक. दोघांच्या प्रतिसादांतून एक गोष्ट पक्की झाली : एवढ्याशा जागेसाठी तीन-चार गट वेगवेगळ्या दिशांनी निघाले होते, आणि एकमेकांवरही डोळा ठेवून होते. दादरा एका गटाने घेतला, सिल्वासा दुसऱ्याने. नंतर एकाच पंचायतीखाली आले हे विशेष.

एक राहिलं. दादऱ्याच्या ठाण्यात दोन पोलीस मारले गेले, ठाण्याचे प्रमुख आनिसेतो दो रोझारियो आणि शिपाई आंतोनियो फर्नांडिस. पोर्तुगालने रोझारियोंना मरणोत्तर मोठा लष्करी सन्मान दिला. आपल्याकडच्या लिखाणात 'ठाणं ताब्यात आलं' एवढंच वाक्य असतं. भर पावसातली रात्र, ठाण्यात मूठभर माणसं, आणि ज्यांच्यासाठी ते लढत होते त्या लिस्बनहून मदत यायला वाटच नाही.

दुर्गम_शाळा

धागा वाचून राहवलं नाही, एरवी मी वाचनमात्र असते.

माझी आई सत्तरच्या दशकात खानवेलच्या पुढे एका शाळेवर होती. तिच्या शाळेत सगळी वारली आणि कोकणा मुलं. २ ऑगस्टला मुक्तिदिनाचं झेंडावंदन असे. पाऊस मुसळधार, पोरं पळसाच्या पानांचं इरलं डोक्यावर घेऊन ओळीत उभी. आई भाषण करायची, फिरंगी गेले, आपण स्वतंत्र झालो. एकदा एक म्हातारा वारली, कुणा मुलाचा आजा, भाषण झाल्यावर आईजवळ आला आणि म्हणाला, "बाई, फिरंगी तं मी दोनदाच पाह्यला. सावकार रोज दिसं."

आई हे नेहमी सांते. ती म्हणते, त्या दिवसापासून भाषणात तिने जमिनीचा विषय घातला.

जमिनीचं तिथे खरंच वेगळं त्रांगडं होतं. पोर्तुगीज सरकार 'आल्वारा' नावाच्या सनदांवर मोठमोठ्या जमिनी लावून द्यायचं, कसायच्या अटीवर. मालक कुठेतरी दूर, आणि राबणारा वारली तिथलाच. पंचायतीच्या काळात आणि नंतरही ते चालूच राहिलं. तिथला जमीनसुधारणेचा कायदा आला १९७१ ला, आणि आल्वारे रद्द झाले ते त्याच्याही नंतर. त्याचे खटले तर सुप्रीम कोर्टात अगदी आत्ता-आत्तापर्यंत चालले.

त्यामुळे 'देश होता की नव्हता' वाचताना मला त्या म्हाताऱ्याची आठवण येते. १९६१ च्या जनगणनेत तिथे जेमतेम ५८ हजार माणसं होती, बहुतेक आदिवासी. त्यांच्या लेखी कोणता दिवस मोठा असेल?

कागदकीडा

दुर्गम_शाळा, वाचनमात्र राहू नका हो. वारंवार लिहा. 'सावकार रोज दिसं' हे डोक्यातून जात नाहीये.

खमंग_शेव

+१. आणि सांते नाही, सांगते.

दुर्गम_शाळा

मोबाइलवरून लिहितेय दादा, चालवून घ्या.

पाँडीचेरी_पोस्ट

थोडी तुलना. त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात फ्रेंचांच्या वसाहतींतही हेच चाललं होतं. यानम १३ जून १९५४ ला लोकांनी ताब्यात घेतलं, पुढाकार दादाला राफाएल यांचा. माहे १६ जुलैला सुटलं. दादरा त्यानंतर आठवड्याभराने. पण यानम-माहेला मध्ये अडकून पडावं लागलं नाही. फ्रान्सने वाटाघाटी केल्या आणि १ नोव्हेंबर १९५४ ला पाँडिचेरीसकट सगळ्याचा कारभार भारताकडे दिला. कायद्याचं शिक्कामोर्तब १९६२ ला झालं, पण मधला काळ सरकारी सहमतीने गेला.

पोर्तुगालच्या हुकूमशहाचं, सालाझारचं सरकार मात्र बोलायलाच तयार नव्हतं. त्यांच्या लेखी या वसाहती नव्हत्याच, पोर्तुगालचे समुद्रापारचे प्रांत होते. वसाहत सोडता येते, प्रांत कसा सोडणार? या हट्टापायी दादऱ्याची सात वर्षं अधांतरी गेली.

जुनागढचं आरझी हुकूमत (तात्पुरतं सरकार) ही कोणी काढेल म्हणून आधीच सांगतो. ते सप्टेंबर १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालं आणि नोव्हेंबरात जुनागढ भारताच्या ताब्यात आलं. दीड-दोन महिन्यांचा खेळ. सात वर्षं चालवणं वेगळं.

वरातीमागून

जुनागढच काढणार होतो. पकडलंत.

बरं, देश नाही तर नाही, पण १९६१ ला विलीन कसं झालं ते कोणी लिहिलंच नाही. आणि तो एका दिवसाचा पंतप्रधान? व्हॉट्सॲपवर फिरतं ते खरं आहे का?

काळा_कोट

व्हॉट्सॲपवर फिरतं म्हणून सगळंच खोटं नसतं.

क्रम असा. एप्रिल १९६० ला हेगचा निकाल लागला. अंगावरची टांगती तलवार गेली. १२ जून १९६१ ला वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. आता सामील व्हायचं तर करारावर सही हवी. भारताकडून नेहरू. समोरून कोण? भारत सरकारने तिथे के. जी. बदलानी नावाचे गुजरात केडरचे आयएएस अधिकारी प्रशासक म्हणून पाठवले होते. नेहरूंसमोर समान दर्जाचा माणूस हवा म्हणून त्यांना त्या दिवसापुरतं दादरा-नगर हवेलीचं पंतप्रधान केलं गेलं आणि त्यांनी सही केली, अशी ही गोष्ट आहे.

म्हणजे भारताचा नोकर, भारताच्या पंतप्रधानांसमोर, दुसऱ्या देशाचा पंतप्रधान म्हणून! दुसऱ्या दिवशी पुन्हा फायली.

घटनेच्या बाजूने बघितलं तर आणखी गंमत. पहिल्या अनुच्छेदात भारताच्या प्रदेशाची व्याख्या आहे. त्यात राज्यं, केंद्रशासित प्रदेश आणि तिसरा प्रकार 'संपादन केले जातील असे इतर प्रदेश'. दादरा त्या तिसऱ्या दारातून आत आला. मग दहाव्या घटनादुरुस्तीने त्याचं नाव केंद्रशासित प्रदेशांच्या यादीत घातलं गेलं, ११ ऑगस्ट १९६१ या मागच्या तारखेपासून. वरातीमागून, तुमच्याच घरचा प्रदेश असता तर संपादन कशाला करावं लागलं असतं? नुसती हद्द सरकवली असती.

वरातीमागून

हं. हा मुद्दा अडचणीचा आहे. जेवून येतो.

कोपऱ्यातली_खुर्ची

तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्य फुटून वर्ष झालं होतं. हा तुकडा एका बाजूने गुजरातला आणि दुसऱ्या बाजूने आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याला (आता पालघर) लागून. डांग-उंबरगाव गुजरातला गेलं त्यावरून काय वाद झाला ते आठवतं ना? म्हणून असेल, कोणालाच न देता केंद्राने स्वतःकडे ठेवलं. हायकोर्ट मात्र मुंबईचंच. २०२० च्या २६ जानेवारीला पुन्हा दमण-दीवशी जोडलं. ज्या दमणपासून १९५४ मध्ये तोडलं होतं, तिकडेच परत.

नकाशा बघायचा असेल तर मोठा करून बघा. सिल्वासाच्या दक्षिणेला मघवाळ म्हणून गाव आहे. चारही बाजूंनी नगर हवेली आणि गाव गुजरातचं. म्हणजे त्या सात वर्षांत हे भारताचं गाव त्या 'देशा'च्या पोटात होतं.

खमंग_शेव

मघवाळवाल्यांनी हेगला जायला हवं होतं, वाट मागायला.

कागदकीडा

😀

काळा_कोट

वरातीमागून जेवून येईपर्यंत शेवटचा कागद ठेवून जातो.

पोर्तुगालने हे सगळं मान्य केलं ते त्यांच्याकडे १९७४ ची क्रांती झाल्यावर. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. तिकडून परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिस, इकडून आपले यशवंतराव चव्हाण. नाना फडणविसांच्या तहाने जे पोर्तुगीजांकडे गेलं, त्याची शेवटची पावती कऱ्हाडच्या माणसाने घेतली.

त्या कराराचा पहिला अनुच्छेद वाचा. भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगाल मान्य करतो, पण कधीपासून? हे प्रदेश भारताच्या घटनेनुसार भारताचा भाग झाले त्या त्या तारखांपासून. गोव्याचं तर चटकन जुळतं. गोव्यात फौजा उतरल्या डिसेंबर १९६१ मध्ये आणि गोवा भारताचा भागही झाला तो त्याच महिन्यात. दादऱ्याची तारीख मात्र ११ ऑगस्ट १९६१. म्हणजे २ ऑगस्ट १९५४ पासून पुढची सात वर्षं या करारातही मोकळीच राहिली. भारत म्हणत नाही आमची होती. पोर्तुगाल तेव्हा म्हणत होता आमची, पण तिथे त्यांचं कुत्रंही फिरकत नव्हतं.

वरातीमागून

आलो. वाचलं.

माघार घेत नाही, पण 'नुसती पंचायत' हे शब्द मागे घेतो. देश म्हणायला जीभ अजून वळत नाही. दुर्गम_शाळा यांच्या त्या म्हाताऱ्याला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता ते मात्र ऐकायला आवडलं असतं.

आडवाट, बाबांना विचारा ना, त्यांनी 'देश' का लिहिलं?

आडवाट

बाबा जाऊन चार वर्षं झाली. म्हणून तर वह्या माझ्याकडे आल्या.

पण काल तिकीट चिमट्याने उचलून भिंगाखाली धरलं. अक्षरं जरा तिरकी बसली आहेत, उजवीकडे वर चढलेली. म्हणजे घाईत छापलेलं असावं. खालचा पोर्तुगीज मजकूर अजून स्वच्छ वाचता येतो, 'इंडिया पोर्तुगेझा'. दोन्ही एकावर एक, एकमेकांना न खोडता.

फोटो आत्ता चढवलाय, दिसतोय का बघा. याच्या पुढच्या पानावर बाबांनी 'यानम?' असं लिहून जागा रिकामी सोडली आहे. पाँडीचेरी_पोस्ट, तिथलं काही निघालं होतं का हो?